काडतुसात दारू कोणती भरायची? एका बदललेल्या दारूची गोष्ट

मे १९६७. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात न्यू जर्सीचे खासदार जेम्स हॉवर्ड यांनी एक पत्र मांडलं. व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या एका मरीन जवानाने घरी लिहिलेलं पत्र. मजकुराचा सारांश असा: आमच्या प्लाटूनचे ७२ जण गेलो, १९ परत आलो. आणि आमच्यातले बहुतेक मेले ते आमच्याच रायफलीमुळे. मेलेल्या जवानांच्या शेजारी त्यांच्या रायफली खोललेल्या अवस्थेत सापडल्या. अडकलेली रायफल मोकळी करता करता त्यांना मरण आलं होतं.

ही रायफल म्हणजे एम-१६. आजही जिच्या घराण्यातल्या बंदुका जगभर वापरात आहेत तीच. तिची त्या वेळी चौकशी झाली आणि अनेक कारणं बाहेर आली. पण त्यातलं सगळ्यात मोठं कारण रायफलीत नव्हतंच. ते काडतुसात होतं. काडतुसातली दारू बदलली गेली होती.

आता यात विशेष काय, असं वाटेल. विशेष हे की, दारू बदलताना जी काळजी अमेरिकेतला साधा शेतकरी आपल्या घरामागच्या शेडमध्ये काडतुसं भरताना घेत होता, तीच काळजी जगातल्या सगळ्यात श्रीमंत सैन्याच्या खरेदी खात्याने घेतली नाही. पोस्ट लांब आहे. पण सरकारी खरेदी, टेंडर, 'समतुल्य माल' या गोष्टींशी ज्यांचा रोजचा संबंध येतो त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

तर आधी दारू म्हणजे काय ते बघू. प्यायची नव्हे, बाराची.

जुनी काळी दारू म्हणजे तीन जिनसांचं मिश्रण. शंभर भागांत साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. कित्येक शतकं जगातल्या तोफा आणि बंदुका याच दारूवर चालल्या. अठराव्या शतकात बिहारमधल्या सोऱ्यावर ईस्ट इंडिया कंपनीने हात ठेवला, तो काही उगाच नाही. आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरचा दारूखाना कसा असावा याच्या स्वतंत्र सूचना आहेत. तो राहत्या घराजवळ नसावा, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून वाळवून पुन्हा नीट बंद करून ठेवावी. दारू एकदा भरली आणि विसरली, असं चालत नाही, हे आपल्या लोकांना तेव्हाही माहीत होतं.

काळ्या दारूचे दोन मोठे दोष. एक, धूर. पहिल्या फैरीनंतर समोरचं दिसेनासं होतं आणि आपण कुठे आहोत ते शत्रूला कळतं. दुसरा, काजळी. ही दारू जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन राखेच्या आणि धुराच्या रूपात मागे राहतो. नळी थोड्याच बारांत बरबटते.

१८८४ साली पॉल व्हिएल नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने यावर उत्तर काढलं. कापसावर आम्लाची प्रक्रिया करून 'गनकॉटन' बनतं, हे चाळीस वर्षांपासून माहीत होतं. पण ते इतकं झपाट्याने जळायचं की नळीच फुटायची. व्हिएलने ते ईथर आणि अल्कोहोलमध्ये मळून त्याची कणीक केली, लाटली, कापली, वाळवली. तयार झाली बिनधुराची दारू. १८८६ मध्ये फ्रान्सने ती लेबेल रायफलीत घातली आणि बाकी सगळ्या देशांच्या रायफली एका रात्रीत जुन्या झाल्या. पाठोपाठ १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेलने बॅलिस्टाइट आणलं. १८८९ मध्ये ब्रिटनच्या एबल आणि ड्यूअर यांनी कॉर्डाइट काढलं. नोबेलने त्यावरून कोर्टात दावा लावला आणि तो हरला.

नव्या दारूने फ्रान्सकडून किंमतही वसूल केली. ही दारू साठ्यात पडून पडून आतून कुजते, तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते. १९०७ मध्ये तुलों बंदरात 'येना' ही युद्धनौका आणि १९११ मध्ये तिथेच 'लिबेर्ते' स्फोटात गेली. शेकडो माणसं मेली. संशयाचं बोट कुजलेल्या दारूकडेच गेलं. पुढे दारू टिकवण्यासाठी तिच्यात निरनिराळी रसायनं घालायची पद्धत सगळीकडे पक्की झाली. त्यातलंच एक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे साधा खडूच म्हणा. दारूतलं उरलंसुरलं आम्ल तो मारतो. हा खडू लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

हा सगळा परक्या मुलुखातला इतिहास वाटेल, पण तसं नाही. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. निलगिरीतल्या अरुवनकाडूच्या कारखान्याचं तर नावच कॉर्डाइट फॅक्टरी. आणि काडतुसाच्या, तोफगोळ्याच्या आत भरायची ही दारू आपल्या भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतही बनते. २४ जानेवारी २०२५ ला त्याच निर्माणीत स्फोट होऊन आठ जणांचा जीव गेला, ते अजून कुणी विसरलेलं नाही. दारूचा विषय म्हणजे कुणाच्या तरी घरचा विषय असतो.

आता मुख्य मुद्दा. बिनधुराची दारू म्हणजे एकच एक वस्तू नव्हे. तिचे शेकडो प्रकार आहेत आणि त्यांच्यातला मुख्य फरक जळण्याच्या वेगाचा.

चुलीचं उदाहरण घ्या. उसाचं पाचट घातलं तर भपकन पेटतं आणि संपतं. बाभळीचं लाकूड सावकाश धरतं आणि बराच वेळ आच देतं. दोन्ही जळणच. पण भाकरी करायची तर कुठलं घालायचं हे घरातल्या बाईला विचारा. दारूचंही तसंच. पिस्तुलाची नळी आखूड आणि गोळी हलकी, तिथे चटकन जळणारी दारू लागते. रायफलीची नळी लांब आणि काडतूस मोठं, तिथे सावकाश जळून गोळीला शेवटपर्यंत रेटणारी दारू लागते. पिस्तुलाची दारू रायफलीच्या काडतुसात भरून चाप ओढला, तर गोळी पुढे सरकायच्या आधीच आतला दाब इतका चढतो की रायफल हातात फुटते.

हा वेग ठरतो दाण्याच्या आकारावर आणि त्यावरच्या लेपावर. डू पाँ कंपनीच्या 'आयएमआर' दारूचे दाणे म्हणजे मधोमध भोक असलेल्या बारीक कांड्या. दुसरा प्रकार गोल दाण्याचा. तो १९३३ मध्ये वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीत फ्रेड ओल्सेन यांनी काढला. ही दारू पाण्यात बनते, म्हणून बनवायला जास्त सुरक्षित आणि लवकर होते. शिवाय जुन्या तोफगोळ्यांची टाकाऊ दारूही तिच्यासाठी वापरता येते. दुसऱ्या महायुद्धात याचा मोठाच उपयोग झाला.

अमेरिकेत घरी काडतुसं भरायची रीत फार जुनी. एकोणिसाव्या शतकात मैदानी प्रदेशात रानरेडे मारणारे शिकारी मुक्कामावर शेकोटीजवळ बसून आपली काडतुसं स्वतः भरत. पितळी पुंगळी महाग, ती टाकून कशी द्यायची? वापरलेली पुंगळी साफ करायची, नवी टोपी बसवायची, दारू मोजून ओतायची, वर गोळी दाबायची. खर्च निम्म्यावर.

आपल्याकडे हे चालत नाही. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं आर्म्स ॲक्ट १९५९ प्रमाणे गुन्हा आहे. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आहेत, त्या अर्थातच दर बाराला हाताने ठासाव्या लागतात. पण ते काळ्या दारूचं जुनं जग आहे. अमेरिकेचा कायदा वेगळा, तिथे हा लाखो लोकांचा छंद आहे.

या छंदाला खरा जोर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. सरकारकडे दारूचे डोंगर उरले होते. कॅन्सस राज्यातल्या ब्रूस हॉजडन नावाच्या गृहस्थाने विम्याच्या पॉलिसीवर पैसे उचलले आणि ४८९५ या नंबरची ५० हजार पौंड, म्हणजे सुमारे साडेबावीस टन, उरलेली सैनिकी दारू विकत घेतली. ठेवायला जागा नाही, म्हणून रेल्वेचा एक जुना डबा माळावर नेऊन त्यात साठवली. नेमबाजांच्या मासिकात एक इंचाची जाहिरात दिली आणि धंदा उभा राहिला. पुढे त्यांनी ४८३१ ही दारूही विकली. ती मुळात २० मिलिमीटरच्या तोफेची होती. हॉजडन यांची कंपनी आज या धंद्यातली मोठी कंपनी आहे.

आता विचार करा. एका माणसाकडे गॅरंड रायफलीच्या काडतुसातली ४८९५ आहे आणि तोफेची ४८३१ आहे. दोन्ही कांडीच्याच. दिसायला सारख्या. दोन्ही सरकारी, दोन्ही उत्तम. मग कुठलीही भरली तर काय बिघडलं?

बिघडतं. गॅरंड ही आपोआप पुढचं काडतूस चढवणारी रायफल. गोळी नळीतून जाताना मागचा थोडा वायू टोकाजवळच्या बारीक छिद्रातून बाहेर येतो, एका दांड्याला ढकलतो, आणि त्या धक्क्याने रिकामी पुंगळी बाहेर पडून नवं काडतूस आत जातं. दारू जास्त सावकाश जळणारी असेल, तर गोळी त्या छिद्रापाशी पोचते तेव्हाही मागे दाब चढाच असतो. दांड्याला हवा त्यापेक्षा जोराचा तडाखा बसतो. चेंबरमधला दाब मर्यादेत असतो, गोळीचा वेग बरोबर असतो, नेमही लागतो. पण दांडा वाकतो.

हे घरी काडतुसं भरणाऱ्यांनी काही दांडे वाकवूनच शिकून घेतलं. त्यातून त्यांचे नियम पक्के झाले आणि पुस्तकात छापले गेले. अमुक रायफल, अमुक वजनाची गोळी, अमुक नावाची दारू, अमुक वजन. सुरुवात कमाल वजनापेक्षा बरीच खालून करायची. आणि एक जरी गोष्ट बदलली, गोळी बदलली, टोपी बदलली, दारू बदलली, तर सगळं पहिल्यापासून. 'ही पण तसलीच आहे' हे वाक्य या छंदात चालत नाही. एका वेळी टेबलावर दारूचा एकच डबा उघडा ठेवायचा, ही शिस्त तर सगळ्यात पहिली.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. डब्यात भरून सामान्य माणसाला विकली जाणारी दारू कारखान्यात मुद्दाम मिसळून सारखी करतात, म्हणजे या वर्षीचा डबा आणि पुढच्या वर्षीचा डबा एकसारखाच जळावा. काडतुसांच्या कारखान्याला जाते ती दारू घाऊक. तिचा प्रत्येक घाणा थोडा वेगळा असतो आणि कारखान्याने तो स्वतः तपासून वजन ठरवायचं असतं. घरच्या माणसाकडे तपासायचं यंत्र नाही, म्हणून त्याला जपलं जातं. मोठ्याकडे यंत्र आहे, म्हणून तो तपासेल असं गृहीत धरलं जातं.

आता व्हिएतनामकडे येऊ.

युजीन स्टोनर यांनी आखलेली एआर-१५ ही रायफल पुढे एम-१६ झाली. हलकी, लहान काडतुसाची. हिच्यातही वायूवरच सगळं चालतं, फक्त दांडा नाही. छिद्रातून आलेला वायू एका बारीक नळीतून सरळ मागे बोल्टपर्यंत येतो. स्टोनर यांनी ही रायफल बसवली ती डू पाँच्या आयएमआर ४४७५ या कांडीच्या दारूवर. सुरुवातीच्या चाचण्यांत ती नावाजली गेली.

मग सैन्याने आपले निकष लावले. गोळीचा वेग सेकंदाला ३,२५० फूट हवाच, आणि चेंबरमधला दाब ठरलेल्या मर्यादेच्या वर जाता कामा नये. घाऊक उत्पादनात आयएमआर ४४७५ ला या दोन्ही अटी एका वेळी पाळणं जड जाऊ लागलं. काडतुसांच्या कंपन्या हमी द्यायला तयार होईनात. वेगाची अट थोडी सैल करणं हा एक मार्ग होता. सैन्याने अट ठेवली आणि १९६४ मध्ये दुसऱ्या दारूंना मंजुरी दिली. त्यातली एक होती ऑलिन कंपनीची डब्ल्यूसी ८४६, गोल दाण्याची. सैन्याच्या मोठ्या ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसात ती आधीपासून चांगली चालत होती. व्हिएतनामला गेलेली बहुतांश काडतुसं पुढे याच दारूची होती.

कागदावर सगळं ठीक. वेग ठीक, दाब ठीक. पण छिद्रापाशी दाब जास्त. म्हणजे गॅरंडचीच गोष्ट पुन्हा, फक्त इथे दांडा वाकत नव्हता, बोल्ट घाई करत होता. मिनिटाला ८५० फैरींच्या मर्यादेत चालायची रायफल त्यापुढे पळू लागली. बार उडाल्यावर पितळी पुंगळी फुगून चेंबरला घट्ट चिकटते आणि क्षणार्धात पुन्हा सैल होते. ती सैल व्हायच्या आतच बोल्ट तिला खेचायला लागला. पुंगळीची कड तुटायची, पुंगळी आतच. मग नळीच्या तोंडातून साफसफाईची सळई घालून ती ठोकून काढायची. समोर शत्रू असताना.

त्यात तो खडू. या दारूत कॅल्शियम कार्बोनेटचं प्रमाण जास्त होतं. त्याचा साका वायूच्या बारीक नळीत बसत होता. त्यात व्हिएतनामची दमट हवा, चेंबरला क्रोमचा मुलामा नाही, आणि जवानांना पुरेशी साफसफाईची साधनंही दिलेली नव्हती. उलट या रायफलीला फारशी निगा लागत नाही, अशी समजूत पसरली होती. एकट्या दारूवर सगळं ढकलणं बरोबर होणार नाही. पण बाकीची दुखणी उघडी पडली ती दारू बदलल्यावर.

आता सगळ्यात कडू भाग. कोल्ट कंपनी रायफली बनवून सैन्याला द्यायची, त्याआधी स्वीकृती चाचणी व्हायची. नव्या दारूच्या काडतुसांनी चाचणी घेतली तर कित्येक रायफली वेगाच्या मर्यादेत बसणार नाहीत, हे कंपनीने सांगितलं. यावर तोडगा काय निघाला? चाचणी जुन्या कांडीच्या दारूच्या काडतुसांनी घ्यायला परवानगी मिळाली. म्हणजे कारखान्यात रायफल एका दारूवर पास व्हायची आणि जंगलात जवानाच्या हाती दुसऱ्या दारूची काडतुसं पडायची. कागदोपत्री माल पास. स्टोनर यांचं मत विचारलं गेलं, पण ते निर्णय झाल्यानंतर. त्यांचा सल्ला या बदलाच्या विरोधात होता.

१९६७ च्या मे महिन्यात खासदार रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती बसली आणि ऑक्टोबरमध्ये तिचा अहवाल आला. दोष माहीत असूनही ते दूर करायला अधिकाऱ्यांनी लावलेली ढिलाई गुन्हेगारी स्वरूपाच्या निष्काळजीपणाच्या जवळ जाते, अशा अर्थाचा ठपका त्यात आहे. दारूतला खडू पुढे कमी केला गेला, बोल्टची घाई आवरणारा नवा बफर आला, चेंबरला क्रोम आलं, साफसफाईचं साहित्य पोचलं. रायफल सुधारली, इतकी की आजही चालते. ७२ पैकी न आलेले ५३ मात्र आले नाहीत.

यात एक गोष्ट नीट समजून घ्या. डब्ल्यूसी ८४६ ही वाईट दारू नव्हती. तिच्याच कुळातली दारू हॉजडन यांच्या कंपनीने 'बीएल-सी-२' नावाने डब्यात भरून घरी काडतुसं भरणाऱ्यांना विकली आणि लोकांनी ती वर्षानुवर्षं समाधानाने वापरली. ऑलिनने भेसळ केली नाही. कोल्टने खोटी रायफल दिली नाही. कुणी लाच घेतल्याचंही या गोष्टीत यावं लागत नाही. प्रत्येक खात्याने आपापला रकाना बरोबर भरला. पण ही दारू, या रायफलीत, या हवेत चालेल का, हा प्रश्न कुणाच्याच रकान्यात नव्हता.

घरी काडतुसं भरणारा माणूस हा प्रश्न विसरत नाही. तो काही फार शहाणा असतो म्हणून नव्हे. काडतूस भरणारा तोच आणि रायफल गालाला लावून चाप ओढणाराही तोच. चुकलं तर डोळा त्याचा जाणार. व्हिएतनाममध्ये दारू निवडणारा वॉशिंग्टनमध्ये होता आणि चाप ओढणारा एकोणीस वर्षांचा पोरगा खे सानच्या डोंगरावर.

आपल्याकडच्या टेंडरमध्ये 'अथवा समतुल्य' हे दोन शब्द तुम्ही वाचले असतील. पाइप असो, औषध असो, बसचा सुटा भाग असो. त्या शब्दांत स्वतःहून काही वाईट नाही, त्यांच्यामुळे स्पर्धाही राहते. पण यापुढे ते शब्द दिसले की एवढंच विचारा: समतुल्य कशात? आणि चाचणी ज्या मालावर झाली, तोच माल लोकांच्या हातात येणार आहे का? ग्रामसभेत विचारा, माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर द्यायला कुणी टाळाटाळ केली, तर आम्हा बातमीदारांना कळवा.